आवडाईचा मुराळी

फार वर्षांपूर्वी, डोंगरांना अजून नावं पडायची होती आणि पाऊस गावाला विचारून यायचा त्या काळी, घाटमाथ्यावरच्या मोरदरा गावात आवडा नावाची एक बाई राहत होती. लोक तिला आवडाई म्हणत. ती झाडं छाटायची. तोच तिचा धंदा आणि तोच तिचा देवधर्म.

तुम्ही म्हणाल, त्यात काय मोठं? कोयता उचलला, फांदी पाडली, घरी आलो. पण आवडाईचा कोयता निराळा होता. सकाळी तिनं फांदी तोडली तर दुपारपर्यंत फांदीला पत्ता नसायचा. ती आपली पानं हलवत जागच्या जागी उभी. मग वाऱ्याची झुळूक आली की तिच्या ध्यानात यायचं आणि ती लाजून खाली पडायची. असं म्हणतात. एकदा तिचा कोयता चुकून स्वतःच्याच सावलीवर पडला, तर पुढं कितीतरी दिवस ती सावली कमरेपासून खाली वेगळी चालायची. हे मात्र कुणी म्हणत नाही, हे मीच सांगतोय.

पण खरी गंमत कोयत्यात नव्हती, ती वेळेत होती. आवडाई झाडापाशी गेली की आधी कोयता खाली ठेवायची. खोडावर तळहात टेकायची, गाल टेकायची आणि हळूच विचारायची, "झालं का रे तुझं?" मग गप्प उभी राहायची. कधी चिलीम विझेपर्यंत, कधी उन्हं कलेपर्यंत. झाडानं हो म्हटलं तर कोयता उचलायची. नाही म्हटलं तर मुकाट घरी जायची, मग मालकानं कितीही आदळआपट करू दे.

ती म्हणायची, "झाडाचं देऊन झालेलं असतं आणि मागणं अजून सुरू झालेलं नसतं, अशी एक मधली वेळ येते. त्या वेळेला झाड गाढ झोपतं. तेव्हा छाटलं तर त्याला वाटतं, कुणीतरी आपले केस विंचरतंय."

प्रत्येकाची मधली वेळ वेगळी. मोगऱ्याची ऐन थंडीत, बिचारा अंग चोरून बसतो तेव्हा. अंजिराची पाऊस ओसरल्यावर. आंब्याची शेवटचा आंबा उतरला की लगेच, पावसानं जोर धरायच्या आत. आणि बोरीची वैशाखात, पानं गळून नुसते काटे उरतात आणि कावळासुद्धा सावली शोधत चालत जातो अशा उन्हात. तेव्हा बोर पार बोडकी करायची. मग मृगाचा पाऊस पडला की ती अशी फुटते की बघणाऱ्याला आपल्याच टकलावर हात फिरवावासा वाटतो.

गावचे बाळोजी पाटील फार उतावळे. माघातच तिच्या दारात येऊन उभे राहायचे.

"आवडाई, आत्ता गडी मोकळे आहेत. आमची बोर उरकून टाक बघू."

"पाटील, तुम्ही जेवायला बसलात आणि अर्ध्या भाकरीवर मी ताट उचललं तर?"

"मी काय झाड आहे का?"

"तेच म्हणते मी. तुम्ही निदान शिव्या तरी द्याल. झाडानं काय करायचं?"

पाटील चडफडत परत जायचे आणि वैशाखात पुन्हा यायचे. पण त्यांच्या बोरीला बोरं अशी धरायची की फांद्यांना टेकू लावून लावून गावातले बांबू संपायचे. असं म्हणतात.

आवडाईचा नवरा लवकर गेला. मागं राहिली एकच लेक, हौसा. घराच्या दारात एक बोर होती. तिच्या बोरांची चव मुलखात कुठं नव्हती. दाताखाली धरलं की आधी एक डोळा मिटायचा इतकं आंबट, मग तोंडभर गोड, आणि गिळल्यावर घशात वेलदोड्यासारखं काहीतरी रेंगाळायचं. त्याच बोरीची बी लोकांनी आपापल्या दारात लावून बघितली. झाडं आली, बोरंही आली, पण वेलदोडा काही आला नाही.

हौसाचं लग्न ठरलं घाटाखाली, कोकणातल्या खारतळे गावात. मुलगा चांगला होता. विहीणबाईंचं नाव द्वारकाबाई, आणि त्या शब्दाला फार पक्क्या. तरुणपणी एकदा नवऱ्याला म्हणाल्या होत्या, "तुमच्याशी बोलणार नाही." मग जन्मभर त्याच्याशी मांजरामार्फत बोलल्या. मांजर मेलं तेव्हा दुसरं आणलं, पण शब्द मोडला नाही. असं म्हणतात.

लग्न लागलं, पंगती उठल्या आणि द्वारकाबाईंनी सगळ्यांदेखत विचारलं, "विहीणबाई, लेकीला माहेरी न्यायला मुराळी कोण येणार?"

मांडवातल्या बायका एकमेकींकडं बघू लागल्या. सासरी जाऊन लेकीला माहेरी घेऊन येतो तो मुराळी. बाप असतो, नाहीतर भाऊ असतो. हौसाला दोन्ही नव्हते. आणि आई जाईल म्हणावं तर रीत आडवी. नातवंडाचं तोंड दिसल्याशिवाय आईनं लेकीच्या घरचा उंबरा ओलांडायचा नाही, तिथलं पाणीही प्यायचं नाही.

आवडाई पुढं आली. मग दाराकडं बोट करून म्हणाली, "आमची बोर येईल मुराळी."

लोक हसले. द्वारकाबाई हसल्या नाहीत. म्हणाल्या, "झाड कसं चालत येणार?"

"झाड नाही येणार. पहिली पिकली बोरं पाठवीन. ती आली की माझं माणूस आलं समजा आणि पोरीला पाठवा."

द्वारकाबाईंनी एक बोर तोंडात टाकलं. एक डोळा मिटला, तोंड गोड झालं, घशात वेलदोडा रेंगाळला. मग म्हणाल्या, "ही चव मी विसरायची नाही. ही बोरं आली की पाठवीन. दुसरी आली तर नाही पाठवायची. शब्द."

तेव्हापासून तसंच चालू झालं. आवडाई वैशाखात बोर छाटायची. पौषात बोरं पिकली की पानांच्या द्रोणात बांधून धनशा लमाणाकडं द्यायची. धनशा खालून मीठ आणायचा, वरून धान्य न्यायचा. त्याच्या बैलांच्या गळ्यातल्या घंटा वाजत खाली उतरायच्या आणि संक्रांतीला त्याच तांड्याबरोबर हौसा वर यायची. तिळगूळ व्हायचा, वाण लुटायचं, मायलेकी एका पांघरुणात झोपायच्या. माघ सरत आला की हौसा पुन्हा खाली जायची.

मग उरलेलं वर्ष आवडाईनं करायचं काय? ती संध्याकाळी कड्यावर जाऊन बसायची. तिथून खाली खारतळ्याचे धूर दिसायचे, दोऱ्यासारखे. त्यातला हौसाच्या चुलीचा धूर कुठला हे तिला ओळखू यायचं. "ओली लाकडं घातलीत आज पोरीनं," असं पुटपुटायची. कधी म्हणायची, "आज चूल उशिरा पेटली. बरं नाही की काय?" शेजारची येसू तिला हाका मारमारून दमायची, पण शेवटचा धूर विझेपर्यंत आवडाई उठायची नाही.

एका वर्षी हौसा संक्रांत करून लगेच परत गेली आणि फाल्गुनात धनशा निरोप घेऊन आला. बैलही सोडले नाहीत, लांबूनच ओरडला, "आवडाई, पोरीला दिवस गेलेत! दिवाळीच्या आसपास बाळंत होईल म्हणतात!"

आवडाईला आनंद झाला. आणि लगेच तिचा चेहरा उतरला. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं. म्हणजे पोर दसऱ्याच्या आत घरी यायला हवी. आणि बोरं पिकणार पौषात.

"धन्या, विहिणीला सांग की एवढं एक वर्ष..."

"सांगून बघितलं," धनशा म्हणाला. "म्हणाल्या, ठरलं म्हणजे ठरलं. मुराळी आला की त्याच दिवशी पाठवते, नाही आला तर बाळंतपण इथंच. आणि हौसा म्हणाली, आईला सांग, मला इथं भीती वाटते. मुराळी लवकर धाड म्हणावं."

आवडाई वळली. दारात जाऊन बोरीखाली उभी राहिली. बोरीवर अजून पानं होती. शेंड्याला चुकार बोरं होती. पाखरं त्यांवर चोची मारत होती. आवडाईनं मनात म्हटलं, 'वैशाखात छाटली तर पौषात पिकते. आत्ताच छाटली तर तेवढी आधी पिकेल. दसऱ्याच्या आत पिकेल.'

सगळ्या मुलखाला जी बाई उतावळेपणाबद्दल झाडायची, तिनं हे मनात आणलं. आणि नुसतं मनात आणून थांबली नाही. तिनं कोयता खाली न ठेवताच खोडाला हात लावला आणि विचारलं, "झालं का गं तुझं?"

बोर काही बोलली नाही.

आवडाई म्हणाली, "झालं, झालं. होऊ दे आता." आणि तिनं कोयता चालवला.

असं म्हणतात की त्या दिवशी पहिल्यांदा तिनं तोडलेली फांदी त्याच क्षणी पडली. दुपारची वाट बघितली नाही. आणि पडताना तिचा आवाज झाला. येसू भाकरी टाकून बाहेर आली.

"अगं आवडे, ही वेळ का?"

"माझ्या पोरीची वेळ आहे," आवडाई म्हणाली. मागं वळून तिनं बघितलं नाही.

थंडी सरताना छाटलेल्या बोरीला वाटलं, आता पाऊसच येणार. तिनं घाईघाईनं लालसर कोवळी फूट काढली. आवडाई रोज हंडाभर पाणी घालायची, फुटीला फुंकर घालायची. मग चैत्र तापला, वैशाख पेटला आणि त्या कोवळ्या फुटीला उन्हानं भाजून काढलं. बोरीनं पुन्हा जीव गोळा करून फूट काढली. तीही करपली. मृगाचा पाऊस पडला तेव्हा गावातल्या साऱ्या बोरी हिरव्या झाल्या. त्या सगळ्या आवडाईनंच वेळेवर छाटल्या होत्या. आणि तिच्या स्वतःच्या दारात काळा बुंधा उभा होता, जळक्या खुंटासारखा.

बाळोजी पाटील येऊन बघून गेले. हाच प्रसंग त्यांना टोमणा मारायला सोन्यासारखा होता. पण ते फक्त म्हणाले, "आमच्या बोरीची बोरं ने. विहिणीला कुठं एवढं कळणार आहे?"

"ती डोळा मिटून ओळखते, पाटील," आवडाई म्हणाली. "आणि तुमचीही पौषातच पिकणार ना?"

पावसाळाभर ती बुंध्याशी बसून राहिली. डोक्यावर इरलं, हात खोडावर. आता ती काही मागत नव्हती. "चुकले गं," एवढंच म्हणायची. "तुझं होऊ द्यायचं होतं. तुला मधली वेळ असते. मला नाही गं. माझं देऊन होत नाही आणि मागणंही थांबत नाही." आणि ढगांत बुडालेल्या घाटाकडं बघायची. पावसाळ्यात धूरही दिसत नाहीत, मग ओली लाकडं कुणाची, सुकी कुणाची, हे तरी कसं कळावं? 

दसरा झाला. पाऊस उघडला, पण सकाळचं धुकं घाटात साचून होतं. बोरीला एक पानसुद्धा नव्हतं. त्या दिवशी आवडाईनं डोक्याला पदर बांधला आणि कोयता कमरेला खोचला.

येसूनं विचारलं, "कुठं निघालीस?"

"मुराळी नाही, तर मीच जाते."

"उंबरा कसा ओलांडशील? नातवंडाचं तोंड कुठं पाहिलंयस अजून?"

"उंबऱ्याच्या बाहेर बसेन. कण्हली तर ऐकू येईल एवढ्या अंतरावर."

आणि ती निघाली. घाटाला दोन वाटा होत्या. एक बैलांची, वळणावळणानं जाणारी लांबची. दुसरी पायवाट, कड्यावरून सरळ उतरणारी. आवडाईला घाई होती. ती पायवाटेनं गेली.

आता ऐका. ती धुक्यात दिसेनाशी झाली आणि दारातल्या काळ्या बुंध्यातून पश्चिमेच्या अंगाला एक फांदी फुटली. न्याहारीच्या वेळेला तिला पानं आली. दुपारी मोहर आला, त्यावर माशाही घोंघावल्या. उन्हं कलायच्या आत बोरं पिकून लाल झाली. येसूनं हे डोळ्यांनी बघितलं. असं म्हणतात, आणि येसू कधी खोटं बोलायची नाही असंही म्हणतात. फांदी वाढत वाढत घरापलीकडच्या ओढ्यावर गेली आणि बोरं टपाटपा पाण्यात पडली. ओढ्यानं ती कड्यावरून खाली फेकली.

खाली खारतळ्यात द्वारकाबाई त्याच ओढ्यावर घागर भरत होत्या. घागरीत काहीतरी टपकलं. त्यांनी ते काढलं, पदराला पुसलं, तोंडात टाकलं. एक डोळा मिटला. घागर तिथंच टाकून त्या घराकडं पळत सुटल्या.

"मुराळी आलाय! डोली काढा! पोरीला आत्ताच्या आत्ता वर न्यायचीय!"

मुलगा म्हणाला, "आई, दिवस भरलेत तिचे. आता कशी चढेल?"

"शब्द आहे माझा," द्वारकाबाई म्हणाल्या. आणि त्या स्वतः डोलीबरोबर चालू लागल्या.

डोली पायवाटेनं जाईना, म्हणून भोई बैलांच्या वाटेनं चढले. मधे एक जागा आहे, तिथं दोन्ही वाटा एकमेकींच्या अंगावरून जातात, एक वर आणि एक खाली. मधे फक्त झाडी. तिथं धुकं अजून एवढं होतं की पुढच्या भोयाला मागचा भोई दिसत नव्हता. तिथं हौसा डोलीत एकदम उठून बसली. तिला झाडीतून आवाज आला. कुणीतरी हळूच विचारत होतं, "झालं का रे तुझं?"

"आये!" हौसा ओरडली. "आये, मी इकडं आहे!"

"आले गं," आवाज आला. पण डोंगरात आवाज सगळीकडून येतो. "आले गं" उजवीकडून आलं, डावीकडून आलं, वरून आलं, खालून आलं. भोई थांबले. द्वारकाबाईंनीही हाका मारल्या. शब्दाच्या पक्क्या त्या बाईचा आवाज तेव्हा फाटला. धुकं विरलं तेव्हा झाडीत कुणी नव्हतं.

हौसा माहेरी पोचली. बोरीखालून घरात गेली आणि आईच्या अंथरुणावर बाळंत झाली. येसूनं बाळाला हातात घेतलं. मुलगी होती, ठणठणीत. बारसं करायचं तर हौसा म्हणाली, "आई आली की नाव ठेवू." म्हणून मुलीला नुसतं 'बाय' म्हणू लागले. बाय रांगली, चालली, मोठी झाली. तिचं लग्न झालं, तिला नातवंडं झाली. तिला मरेपर्यंत बायच म्हणत होते, कारण आजी यायची होती ना.

माणसं शोधायला गेली नव्हती असं नाही. पाटलांनी अख्खं गाव घाटात उतरवलं. तेव्हा दिसलं ते असं. पायवाटेच्या दोन्ही बाजूंची काही झाडं ताजी छाटलेली होती, कोयत्याचा एकेक तिरपा, स्वच्छ घाव. सगळी नाही, ज्यांची वेळ झाली होती तेवढीच. ती अर्ध्या घाटापर्यंत होती. तिथून पुढं एकही नाही. पायाचा ठसा नाही, पदराची चिंधी नाही.

कुणी म्हणतं, कड्यावरून पाय घसरला. कुणी म्हणतं, वाघ. पण मोरदऱ्यातली जाणती माणसं वेगळंच सांगतात. ती म्हणतात, वाटेत एका झाडानं तिला हाक मारली, माझं झालंय म्हणून. बोरीबद्दल चूक झालेली बाई आता कुठल्या झाडाला नाही म्हणणार? तेवढं उरकून निघू म्हणाली. तेवढ्यात दुसऱ्याचं झालं. घाटात झाडं काय थोडी आहेत? ती अजून उरकतेय. आजही घाटात कुठंतरी एखादं झाड ताजं छाटलेलं सापडतं, आणि आसपास माणसाची चाहूल नसते. असं म्हणतात.

हौसा पुन्हा सासरी गेली, पण दर वर्षी यायची. मुराळ्याची अट द्वारकाबाईंनी काढून टाकली. जन्मात मोडलेला तेवढा एकच शब्द. हौसा संध्याकाळी कड्यावर जाऊन बसायची. तिच्या आईला निदान धूर तरी दिसायचा. हौसाला काय दिसणार? ती नुसती बसायची.

मोरदऱ्यात अजूनही वैशाखाच्या आत बोरीला कोयता लावत नाहीत. कितीही गडी मोकळे असोत, कितीही घाई असो. लावायच्या आधी कोयता खाली ठेवून खोडावर हात टेकतात. छाटताना पश्चिमेच्या अंगाची एक फांदी सोडतात. तिला 'आवडाईची' म्हणतात. तिची बोरं घरात कुणी खात नाही. पौषात ती पिकली की गावातल्या सगळ्या घरांतली आवडाईची बोरं एका टोपलीत गोळा होतात. ज्या घरातलं कुणी लांब असेल, त्या घरच्या बाईनं टोपली डोक्यावर घ्यायची. कुणाची लेक सासरी असते, कुणाचा मुलगा नोकरीला परमुलखात असतो. टोपली घेऊन ती पुढं आणि गाव मागं, असे सगळे घाटाच्या तोंडाशी जातात. तिथं बोरं खाली सोडतात आणि मोठ्यानं हाक देतात, "आवडाई, मुराळी आलाय गं! माहेरी चल!"

मग सगळे गप्प उभे राहतात. पोरंसोरंसुद्धा. वारा असतो, बोरं गडगडत खाली जातात, मग तोही आवाज थांबतो. म्हाताऱ्या कान देऊन ऐकतात. ऊन उतरतं. शेवटी त्यांतली एखादी पदर सावरते आणि म्हणते, "यंदा धुकं फार होतं. वाट सापडली नसेल."

"हो ना," दुसरी म्हणते. "आणि घाटात झाडंही फार माजलीत."

आणि मग सगळे घरी जातात. त्या रात्री दारं नुसती लोटून घेतात, कडी लावत नाहीत.